पैसे देऊन ब्लॉगवर लेख लिहून घेतले तर लोक विश्वास ठेवतात का?

दादरला घरगुती मसाले विकता, तर असे लेख विकत घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. घ्या, पण लपवून नको. लेखाच्या सुरुवातीलाच ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं ठळक दिसू द्या. मुंबईतल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी, म्हणजे ब्लॉगवर किंवा सोशल मीडियावर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी, हाच नियम घातला. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लेखातल्या तुमच्या लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ (rel="sponsored") ही खूण लावायला सांगा. लिंक पैसे देऊन घेतलीय हे कळायला गूगलला ती हवी असते.

विश्वास मात्र खुणेने येत नाही. माझ्या बहिणीने गोडा मसाल्यावर लेख लिहून घेतला. लिहिणाऱ्याने पाकीटच उघडलं नव्हतं. ‘झणझणीत, तिखटजाळ’ असं लिहून मोकळा! ज्या बायका रोज आमटीत तो घालतात, त्यांना पहिल्या ओळीतच कळलं. तिला फार लागलं ते.

म्हणून लिहिणाऱ्याला आधी पाकीट द्या, तो मसाला घालून भरली वांगी करायला सांगा, फोटो त्याच्याच कढईतला हवा. मीठ जास्त वाटलं तर तेही लिहू द्या. आणि पैसे लेख लिहिण्याचे द्या, कौतुकाचे नाही; हे आधीच स्पष्ट बोलून घ्या.