तक्ता आधी भिंतीवरून काढा

तुमची चौथीतली मुलगी गोष्टीतले संवाद एका दमात लिहिते आणि तुम्ही रोज संध्याकाळी विरामचिन्हांचा तक्ता म्हणवून घेताय, हे वाचलं आणि आमचं कोथरूडचं जुनं घर आठवलं. मी शिक्षिका नाही, नोकरी हिशेबाची. तेव्हा एका आईचं मत म्हणूनच घ्या.

चिरंजिवांनी लिहिलं होतं: आजी म्हणाली कैऱ्या कोणी काढल्या मी म्हणालो मी नाही आजी म्हणाली मग खिशात काय आहे.

मी लाल पेन घेऊन बसले. वर त्याला एका लेखनाच्या क्लासला घातलं, नाव घेत नाही. तिथे अवतरणचिन्ह चुकलं की अर्धा गुण कापायचे. पोरगं हुशार, त्याने संवादच बंद केले. ‘आजीने कैऱ्यांबाबत विचारणा केली. मी नकार दिला.’ पोलीस पंचनामा बरा! चिन्हं सगळी बरोबर, म्हणून क्लासच्या बाई खूश. मी तक्रार केली तर म्हणाल्या, “प्रगती आहे की.” सहा महिने आणि फी, दोन्ही गेलं.

शेवटी वही घेऊन दोघं मोठ्याने वाचायला बसलो. तो आजी झाला, मी तो. तिसऱ्याच वाक्याला दोघं एकदम बोललो. “थांब, इथे आजी आहे,” म्हणत त्यानेच नवी ओळ केली:

आजी म्हणाली, “कैऱ्या कोणी काढल्या?”
“मी नाही.”
“मग खिशात काय आहे?”

खालच्या दोन ओळींना ‘म्हणाली-म्हणालो’ लागलंच नाही, हेही त्यालाच दिसलं.

खरी मेख ‘की’मध्ये आहे. ‘तो म्हणाला की मी येतो’ यातला ‘मी’ मराठीत तसाच राहतो, इंग्रजीसारखा बदलत नाही. त्यामुळे थेट बोललेलं आणि दुसऱ्याने सांगितलेलं यातला फरक मुलांना ऐकू येत नाही आणि ती ‘की’नंतरही अवतरणचिन्ह ठोकतात. आमच्याकडे नियम एकच: ‘की’ आला तर चिन्ह नाही, चिन्ह हवं तर ‘की’ खोडा. छापील पुस्तकांत अपवाद सापडतील, पण चौथीला एवढं पुरे.

जाता जाता, जुन्या मोडी लिपीत विरामचिन्हं नव्हतीच. ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला देतात, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला हातभार लावणारा तोच. हे ऐकून आमचा म्हणाला, “त्याला दुसरं काम नव्हतं का?”

आणि वही अप्पा बळवंत चौकातून दुरेघी नका आणू, एकेरी आणा. एक ओळ सोडून लिहू दे, म्हणजे चिन्हं नंतर घुसवायला जागा राहते.