सोलापुरातलं धर्मादाय ट्रस्टचं हॉस्पिटल ‘आमच्या धर्मात बसत नाही’ म्हणून 9 आठवड्यांचा गर्भपात नाकारू शकतं का?

हॉस्पिटलने ही सोय ठेवली नाही तरी चालतं, पण डॉक्टरला निव्वळ धर्माचं कारण पुढे करता येत नाही. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारसंहितेत (कलम 7.15) हे स्पष्ट आहे: वैद्यकीय गरज असेल तर केवळ धार्मिक कारणावरून गर्भपात नाकारायचा नाही, ते काम आपल्याला जमत नाही असं डॉक्टरला वाटलं तरच सूट. अडचण वेगळीच असते. खासगी हॉस्पिटलला गर्भपातासाठी जिल्हा समितीची मान्यता लागते, आणि ट्रस्टने ती घेतलीच नसेल तर सक्ती कुणावर करणार? (पळवाटच म्हणा.) म्हणून आधी काउंटरवर ‘एमटीपीची (म्हणजे गर्भपाताची) मान्यता आहे का’ एवढंच विचारा. नसेल तर वाद घालत आठवडे घालवू नका, सरळ सिव्हिल गाठा. सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही. 20 आठवड्यांपर्यंत एकाच पात्र डॉक्टरचं मत पुरतं, आणि बाई 18 वर्षांवरची असेल तर सही फक्त तिची, नवऱ्याची किंवा सासूची नाही. मात्र रक्तस्राव होऊन जिवावर बेतलं असेल तर हे मान्यतेचं बंधन उरत नाही: 1971 च्या गर्भपात कायद्याचं कलम 5 लागू होतं, आणि जीव वाचवणारे तातडीचे उपचार खासगी डॉक्टरलाही टाळता येत नाहीत.