फोन बाहेर गेला तरी गाणं घरात राहावं

प्रश्न : जुन्या सीड्यांवरून लॅपटॉपवर उतरवलेली दोन-अडीच हजार गाणी माझ्याकडे आहेत. इंटरनेट रेडिओही ऐकतो. सगळं फोनवरून, एका ब्लूटूथ स्पीकरवर. पण कुणाचा फोन आला की गाणं थांबतं, मी पलीकडच्या खोलीत गेलो की स्पीकर अडखळतो आणि कामावर निघालो की आईसाठी घर मुकं होतं. तिची नजर अधू आहे, टचस्क्रीन जमत नाही. तिला स्वतः गाणं लावता यावं यासाठी काय घेऊ?

उत्तर : ‘आईसाठी घर मुकं होतं’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्या घरातलं गाणं फोनमध्ये राहतं आणि फोन तुमच्या खिशात, सगळी अडचण एवढ्यातच आहे. म्हणून आणखी भारी ब्लूटूथ स्पीकर घेऊ नका. त्यात पाठवणारा फोनच असतो, स्पीकर फक्त झेलतो. त्याचा पल्ला घरात साधारण १० मीटरचा, मध्ये भिंत आली की आणखी कमी.

वाय-फायवर चालणारा रेडिओ संच घ्या. तो राउटरमार्फत थेट स्टेशनशी जोडला जातो, फोनची गरज फार तर सुरुवातीच्या जोडणीपुरती. इंटरनेटवर भारही फारसा नाही. १२८ केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट पाठवणारं, स्टेशन तासभर ऐकलं तर जेमतेम ५८ एमबी खर्च होतात.

मात्र संच निवडताना आवाजाच्या आधी बटणं बघा. आवाज वाढवायला फिरवायचा गोल खटका हवा आणि ठरावीक स्टेशनांसाठी बोटाला जाणवतील अशी स्वतंत्र बटणं हवीत. माझ्या मावशीची नजर गेली तेव्हा तिच्या रेडिओच्या पहिल्या बटणावर मी घट्ट गोंदाचा एक थेंब टाकून वाळू दिला. पहाटे चारला जाग आली की ती अंधारात हात लांबवून तो थेंब शोधायची आणि कुणाला हाक न मारता रेडिओ लावायची. त्या थेंबाने तिला जे दिलं ते कुठल्याच महागड्या स्पीकरने दिलं नसतं, असं मला आजही वाटतं.

आता एक धोका. बऱ्याच संचांमध्ये स्टेशनांची यादी संचात नसते, ती एखाद्या त्रयस्थ सेवेकडून येते. ती सेवा बंद पडली की धडधाकट संच मुका होतो. माझ्याकडे एका सकाळी सगळी बटणं अशीच गप्प झाली आणि दुरुस्त करण्यासारखं संचात काहीच नव्हतं. म्हणून घेण्याआधी विचारा : स्टेशनच्या स्ट्रीमचा, म्हणजे इंटरनेटवर जिथून त्याचा आवाज येतो तिथला, पत्ता स्वतः भरता येतो का? एमपी३ बरोबर एएसी (एमपी३सारखाच आवाज लहान करण्याचा दुसरा प्रकार) आणि एचएलएस (आवाज लहान तुकड्यांत पाठवण्याची पद्धत) चालतं का? स्टेशनंही अधूनमधून पत्ता किंवा पद्धत बदलतात. आवडीच्या स्टेशनांचे पत्ते मी एका वहीत लिहून ठेवते.

तुमच्या संग्रहासाठी दोन वाटा आहेत. आईपुरती सोपी वाट म्हणजे यूएसबीची सोय असलेला संच घेऊन तिची गाणी पेन ड्राइव्हवर घालून देणं. दुसरी घरभरासाठी. काही राउटरना यूएसबीची जागा आणि मीडिया सर्व्हरची, म्हणजे साठवलेली गाणी घरातल्या इतर संचांना पुरवण्याची, सोय असते. तिथे डिस्क लावली की डीएलएनए (घरातल्या उपकरणांनी एकमेकांकडची गाणी वाजवण्याची ठरलेली पद्धत) समजणारा कुठलाही संच ती गाणी वाजवतो. थोडी खटपट करायची तयारी असेल तर रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर लिरियन म्युझिक सर्व्हर हा गाणी पुरवणारा प्रोग्रॅम बसवा. ज्या स्क्वीझबॉक्स प्लेअरांसाठी हा प्रोग्रॅम जन्मला, ते लॉजिटेक कंपनीने २०१२ मध्ये बंद केले. पण प्रोग्रॅम खुला असल्यामुळे वापरणाऱ्यांनीच तो आजवर जिवंत ठेवला आहे. मला त्यांच्याबद्दल फार कृतज्ञता वाटते.

सीड्या अजून असतील तर टाकू नका, आवडत्या तेवढ्या फ्लॅकमध्ये पुन्हा उतरवा. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती असते. फ्लॅक ती काहीही न गाळता कमी जागेत बसवतं. एमपी३ मात्र गाळून लहान होतं, तेव्हा एमपी३चं फ्लॅक करण्यात अर्थ नाही, गाळलेलं परत येत नाही. रोजच्या ऐकण्याला, लहान स्पीकरवर, १९२ केबीपीएसची एमपी३ पुरते.

गाण्यांची नावं लावायला एखादा निवांत दिवस ठेवा. एकाच गायिकेचं नाव तीन स्पेलिंगांनी लिहिलेलं असलं की यादीत ती तीन जणी होते. अनेक गायकांची सीडी असेल तर ‘अल्बम आर्टिस्ट’चा रकाना सगळ्या गाण्यांना सारखाच भरा, नाहीतर तिचे तुकडे होतात. देवनागरीत नावं लिहिण्याआधी मात्र एकच फाइल संचावर लावून बघा, काहींच्या पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात.

दोन खोल्यांत एकच स्टेशन हवं असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांचे संच घेऊ नका. प्रत्येक संच थोडं गाणं आधी साठवून मगच वाजवतो, आणि ही साठवण दोघांची सारखी नसते. दारात उभं राहिलं की एकच ओळ दोनदा ऐकू येते. एकमेकांशी वेळ जुळवणारे, एकाच जातकुळीचे स्पीकर लागतात.

आणि सगळ्या गाण्यांची दुसरी प्रत करा, तिसरी घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा. मावशी स्वतः गात असे. तिच्या कॅसेटवरची गाणी मी डिस्कवर उतरवली होती, ती एकच प्रत होती आणि डिस्क गेली. कॅसेट त्याआधीच टाकून दिल्या होत्या. त्या गाण्यांसाठी जीव अजून तुटतो.

तुम्ही आधी संचच घ्या, सर्व्हर महिन्याभराने आला तरी चालेल. संच आला की आईशेजारी बसून दोन-चार स्टेशनं ऐकवा. पहिल्या बटणावर कुठलं ठेवायचं ते तिलाच ठरवू द्या. गोंदाचा थेंब त्यानंतर.