१९६६ ची फोर्ड मस्टँग घरच्या गॅरेजमध्ये रिस्टोअर करायची आहे. सुरुवात इंजिनपासून करू का?

इंजिन सध्या राहू द्या, आधी पत्रा बघा. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार पेलते. पुढच्या काचेखाली हवा आत घेणारी जाळी आहे ना, तिच्यात बादलीभर पाणी ओता आणि कुणाला तरी टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली बघायला सांगा. पाणी ठिबकलं तर तिथला पत्रा सडलाय, आणि पायाखालचा पत्राही बहुधा गेलेला असणार. नवे पत्रे तयार मिळतात. पण जाळीखालचा भाग काढायला स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे वेल्ड) एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात. अतिशय कंटाळवाणं काम! खालचा पत्रा कापण्याआधी आतून तिरक्या पट्ट्या वेल्ड करून घ्या, नाहीतर बॉडी वाकते आणि दारं बसत नाहीत.

व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) म्हणून घेतली असेल तर चाकाचे नट मोजा: मूळ सहा सिलिंडरला चार, व्ही-८ ला पाच. व्हीआयएनमध्ये (गाडीच्या ओळख क्रमांकात) पाचव्या जागी सी, ए किंवा के असेल तर कारखान्यातूनच व्ही-८.

रंगावर पैसे घालण्याआधी ब्रेक बघा. मूळ मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकच्या पाइपांत दाब देणारा भाग) एकाच सर्किटचा, त्यामुळे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. तो दोन सर्किटचा करून घ्या.