तळ्यातला गणपती, पण तळं कुठाय?

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकचे. मे मधे भाचीच्या लग्नाला पुण्यात आलो होतो तेव्हा सासूबाईंना सारसबागेत घेऊन गेलो. त्या लहानपणापासून 'तळ्यातला गणपती' ऐकून होत्या, त्यांच्या डोक्यात अगदी नावेत बसून देवळात जायचं असंच होतं. आत गेलो तर कमळांचं छोटंसं पाणी आणि बाकी सगळं लॉन! परतीच्या गाडीत चाकणपर्यंत "अगं पण तळं कुठाय" हेच चालू होतं. आमचं काही बघायचं राहिलं का? डिसेंबरमधे परत येतोय. आणि तिथल्या गणपतीला स्वेटर घालतात असं मुलगा शाळेतून ऐकून आलाय, ते खरं का?

उत्तर: अहो काही राहिलं नाही, सासूबाई तळ्यातच उभ्या होत्या! ते लॉन आहे ना, तेच तळं. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याला आंबील ओढ्याचं पाणी वापरून मोठं तळं करवून घेतलं आणि मधे जमिनीचा एक तुकडा तसाच राखला, साधारण 25,000 चौरस फुटांचं बेट म्हणा. त्या बेटावर बाग केली ती सारसबाग, म्हणजे खरी सारसबाग आज देवळाखाली आहे तेवढीच, आपण जिला सारसबाग म्हणतो ती बरीचशी तळ्याच्या तळाशी. 1784 मधे सवाई माधवरावांनी बेटावर छोटं देऊळ बांधून गणपती बसवला. पुढे तळं गेलं, बाग पसरली, नाव मात्र लोकांच्या तोंडातून गेलं नाही. आणि नावेचं म्हणाल तर सासूबाई फार चुकल्या नाहीत, फक्त दोन-अडीचशे वर्षं उशिरा आल्या. नानासाहेब या तळ्यात नावेत बसून मसलती करायचे आणि वल्ही मारायला मराठी न कळणारे हबशी ठेवायचे म्हणजे गुपित फुटायला नको, अशी गोष्ट सांगतात. खरंखोटं नानासाहेबांनाच माहीत, पण मला ती फार आवडते.

आता डिसेंबरमधे याल तेव्हा एक करा. दर्शन झालं की लगेच चपला शोधायला पळू नका, देवळाच्या कडेला येऊन गणपतीकडे पाठ करून खाली बघा. आपण उंचावर आणि हिरवळ चहूबाजूंनी खाली, ते एकदा डोळ्यांना दिसलं की मग तिथे पाणी भरायला वेळ लागत नाही. मला स्वतःला हे चाळिशीत कळलं, तोवर शंभर वेळा जाऊन फक्त भेळच खाल्ली होती.

सकाळी लवकर या, संध्याकाळी पार्किंगसाठी नवरा-बायकोची भांडणं होतात. अंगारकी आणि दिवाळी पाडव्याची पहाट तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन अजिबात नको, पाय ठेवायला जागा नसते. पर्वती जवळच आहे पण शंभरच्या वर पायऱ्या, सासूबाईंच्या गुडघ्यांना आधी विचारा. मुलाला शेजारी पेशवे पार्कात न्या, पण वाघ दाखवतो असं कबूल करू नका, प्राणी कधीच कात्रजला गेले.

आणि हो, स्वेटर खरा आहे! थंडी पडली की लोकरीचा स्वेटर आणि वर कानटोपीसुद्धा. बाहेरचे लोक हसतात, पण आपल्याकडे देवाला घरचाच माणूस समजतात, मग घरच्याला थंडी वाजणारच ना. तुम्ही पण सासूबाईंची शाल विसरू नका, सकाळी तिथे चांगलाच गारठा असतो.