सुई दुखेल, हे मुलाला आधी सांगावे का?

पावसाळा मध्यावर आला, की ठाण्यात डेंग्यूच्या तापाने लहान मुले रुग्णालयात दाखल होऊ लागतात आणि पालकांचा तोच प्रश्न माझ्या कानावर पुन्हा पुन्हा पडतो: "मॅडम, दुखणार आहे हे आधीच सांगितलं, तर मूल जास्त घाबरणार नाही का?" बहुतेक घरांनी त्याचे उत्तर ठरवूनच ठेवलेले असते. "काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल," किंवा "डॉक्टरकाका नुसते बघणार आहेत," असे सांगून मुलाला आत नेले जाते. पहिल्या सुईपुरते हे निभावते. पण डेंग्यूत प्लेटलेट आणि रक्ताचा दाटपणा पाहण्यासाठी रोज, प्रसंगी दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा रक्त घ्यावे लागते, आणि दुसऱ्या सुईच्या वेळी मूल आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

कळव्याच्या एका कुटुंबातील सहा वर्षांच्या मुलीसाठी मला वॉर्डात बोलावले, तेव्हा मात्र तक्रार रडण्याची नव्हती. आई म्हणाली, "पहिल्या दिवशी चौघांनी धरावं लागलं. आता रडत नाही, पण हात जागचा हलवत नाही, दुखतोय म्हणते. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. सूज नाही, सलाइनही नीट चाललंय." आजींना नातीचे रडणे थांबल्याचे समाधान होते. मला ते शांत होणे आवडले नाही. रुग्णालयातील लहान मुलांचे निरीक्षण करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी 1950च्या दशकात दाखवून दिले, की आईपासून दुरावलेल्या मुलाचे गप्प होणे हे रुळणे नसून हताश होणे असू शकते. ब्रिटनमध्ये 1959 साली प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावरील वेळेची बंधने उठवावीत अशी शिफारस केली, तिच्यामागे हेच काम होते. या मुलीची आई तर रात्रंदिवस उशाशी होती; तरीही मूल एकटे पडले होते, कारण त्याला जे वाटत होते त्याविषयी कोणीच बोलत नव्हते.

मी तिला कागद आणि रंगीत खडू दिले आणि तिचा मोकळा हात कागदावर ठेवून बाह्यरेषा काढायला मदत केली. "आता हा सलाइनवाला हात आहे असं समज. कुठे दुखतं?" तिने मनगटापासून कोपरापर्यंत एक लांब लाल रेघ ओढली.

"हे काय आहे?"

"सुई. आत आहे. हात हलवला तर मोडेल."

"आणि ती कधी काढणार?"

"मी सगळं जेवले की."

आजींनी मान खाली घातली. घरी ताटात भाजी उरली, की "डॉक्टरांना तुला सुई टोचायला सांगेन," हे वाक्य ठरलेले होते. या वयाची मुले आजाराला सहज शिक्षा समजतात. त्यांच्या विचारांची जडणघडणच तशी असते. त्यात आपण धमकीची भर घातली, की मुलाच्या लेखी गुन्हा सिद्ध होतो.

मी सिस्टरांना एक नवी कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवतात ती नळी, उघडून दाखवण्याची विनंती केली. त्यांनी कामाच्या गडबडीतही वेळ काढला, सुई मागे ओढून वेगळी केली आणि उरलेली मऊ प्लास्टिकची नळी मुलीच्या मोकळ्या हातात दिली. तिने ती बोटाने वाकवून पाहिली, पुन्हा वाकवली. "मग माझी सुई?" "ती त्याच दिवशी डब्यात टाकली," सिस्टर म्हणाल्या. मुलगी पट्टी बांधलेल्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिली. आधी अंगठा हलला, मग एकेक बोट. तिच्या दुखण्यातला मोठा भाग ती हात आवळून धरत होती त्याचा होता, आणि आमच्यापैकी प्रत्येकाने तिला "सुई आहे, हलवू नकोस," असेच बजावले होते. एवढी वर्षे हे काम करूनही मला औषधाच्या बाटलीपेक्षा मुलाने काढलेले चित्र अधिक सांगून जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घेण्यापूर्वी आईने तिला सरळ सांगितले: "टोचेल, थोडं दुखेल, मग संपेल. रडलीस तरी चालेल, हात मात्र स्थिर ठेवायचा. मी तुला धरून बसते." तिला पलंगावर आडवे पाडले नाही, आईच्या मांडीवर बसवले आणि साबणाचे फुगे फुंकायला दिले. ती रडली, पण कोणाला धरावे लागले नाही.

तेव्हा सांगावे, हेच माझे उत्तर. फक्त वेळ साधावी. तीन-चार वर्षांच्या मुलाला थोडाच वेळ आधी, शाळकरी मुलाला ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी. "घाबरू नकोस" हे पुन्हा पुन्हा म्हटल्याने भीती वाढतेच. त्यापेक्षा फुंकर, गोष्ट, मोजणी उपयोगी पडते. सुई तातडीची नसेल, तर त्वचा बधिर करणारे मलम लावता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. ते साधारण तासभर आधी लावावे लागते, म्हणून आयत्या वेळी विचारून उपयोग नसतो. घरी आल्यावर काही दिवस अंथरूण ओले होणे, आईला चिकटून राहणे, झोपेतून दचकणे दिसू शकते, आणि त्यावर रागावू नये. काही आठवड्यांनंतरही ते कमी झाले नाही, तर मात्र समुपदेशकाची किंवा बालरोगतज्ज्ञांची भेट घ्यावी.