नळ आला, तरी बायका विहिरीवरच का?

पाड्यावर नळ बसवला, तरी बायका धुणं घेऊन विहिरीवरच जातात. पैसे वाया गेले का?
(ग्रामपंचायत सदस्य, शहापूर तालुका)

वाया नाही, पण नळाचा ओटा केवढा उंच आहे ते आधी मोजा. मुरबाडकडच्या एका पाड्यावर तो जेमतेम वीतभर निघाला. भरलेला हंडा पंधरा किलोच्या घरात जातो. एवढ्या खालून तो एकटीला डोक्यावर घेता येत नाही, हात लावायला दुसरी येईपर्यंत ताटकळावं लागतं. शेजारी कमरेएवढा कठडा बांधला, की हंडा आधी कठड्यावर आणि तिथून सरळ चुंबळीवर. गवंड्याचं एका दिवसाचं काम.

धुण्याचं गणित वेगळं. विहिरीवर आपटायला दगड आहे, पाणी वाहून जायला उतार आहे, बहुधा झाडाची सावलीही असेल. नळाशी यातलं काय आहे? नुसता चिखल. शिवाय सासूच्या नजरेआड चार शब्द बोलायला विहीर हीच तेवढी जागा असते. तेव्हा विहीर बंद करायचा विचार सोडा आणि तिथल्या निसरड्या पायऱ्या नीट करा. (भातसा-तानसाचं पाणी तुमच्याच तालुक्यातून मुंबईला जातं, ते आज उगाळत नाही.)

घरकुल मंजूर झालंय. घरधनी म्हणतात, मोरीचं नंतर बघू.
(एक वाचक, मुरबाड)

ताई, ते ‘नंतर’ कधीच येत नाही. मग साडीचा आडोसा करून उजाडायच्या आत अंघोळ उरकायची. प्रधानमंत्री आवास योजनेत गावातल्या घरकुलाला किमान 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट धरलेत, स्वयंपाकाची जागा धरून. तेवढ्यात मोरी बसते. मागच्या पडवीला चार बाय चार फूट द्या, भिंत डोक्याच्या वर न्या आणि दार घरातूनच ठेवा. जोत्यासाठी फक्कीची रेघ आखतील त्या दिवशी स्वतः तिथे उभ्या राहा. बादली आणि पाट मांडून, बसून बघा. कोपर भिंतीला लागलं, तर रेघ तेव्हाच सरकते, नंतर नाही.

आणि नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, तुमचंही नाव लागलंय ना, ते बघून घ्या.

मुलगी रात्रीच्या कसारा लोकलने खर्डीला उतरते. पंचायत चौकात हायमास्ट (उंच खांबावरचे मोठे दिवे) लावतेय. पुरेल?
(एक पालक)

नाही. हायमास्टने चौक लख्ख होतो, खाली पत्त्यांचा डाव रंगतो. त्या उजेडातून बाहेर पडलं, की पुढचा रस्ता आणखी काळाकुट्ट वाटतो. पाड्यापर्यंत कमी उंचीचे, जवळजवळ दिवे मागा. वळणावरची झुडपं मात्र उद्याच छाटा, त्याला ठराव लागत नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कायद्यातच आहे. मुलीला त्या सभेला न्या. ती रोज येते त्या वेळेला, स्टेशन ते घर चालत मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि तिथे सगळ्यांसमोर लावा.